काळी माती, पांढरा कापूस आणि कॅमेऱ्याची सवय

डिसेंबर महिना आहे. अकोल्याजवळच्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात कापसाची मोठी गंजी लागली आहे. दुपारचे लख्ख ऊन तिच्यावर पडले आहे. पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत इतका तो कापूस पांढराशुभ्र दिसतो. तेवढ्यात एक नवशिका छायाचित्रकार तिथे येतो. त्याच्या हातात भारी किमतीचा, व्यावसायिक छायाचित्रकार वापरतात तसा फिल्मचा कॅमेरा आहे. कॅमेऱ्यात त्याने स्लाइडची फिल्म भरली आहे. "हा कॅमेरा सगळे आपोआप करतो," असे त्याला दुकानदाराने सांगितले आहे. तो गंजीकडे कॅमेरा रोखतो आणि बटण दाबतो. मग तो शेजारच्या रिकाम्या वावरात जातो आणि ओलसर काळ्या मातीचेही एक चित्र घेतो.

फिल्म धुऊन येते आणि पाहतो तर काय! कापूस राखेसारखा करडा आला आहे. काळीभोर मातीही फिकट करडीच आली आहे. वऱ्हाडची ओळख असलेल्या दोन्ही गोष्टी, पांढरे सोने आणि काळी आई, चित्रात सारख्याच दिसत आहेत.

कॅमेरा बिघडला होता का? नाही. त्याने आपले काम अगदी नेमाने केले होते. चूक कशात होती, ती कशी सुधारावी आणि व्यावसायिक कॅमेऱ्यातील बारीकसारीक व्यवस्था कशासाठी असते, हे आपण या पाठात समजून घेऊ.

कॅमेरा आणि कमरा

'कॅमेरा' हा शब्द तुम्हांला परका वाटतो का? उर्दूत तुम्ही खोलीला 'कमरा' म्हणता. हे दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत. लॅटिन भाषेत 'कॅमेरा' म्हणजे खोली. तोच शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या देशात आला आणि 'कमरा' झाला. कॅमेरा ही खरोखरच एक लहानशी अंधारी खोली आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरो येथे राहिलेल्या इब्न अल्-हैसम या थोर शास्त्रज्ञाने अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला होता. आजच्या कॅमेऱ्यातही प्रकाश छिद्रातूनच आत येतो.

व्यावसायिक छायाचित्रकार अनेक वर्षे ज्या प्रकारचा कॅमेरा वापरत आले, त्याला एसएलआर कॅमेरा म्हणतात. त्यात भिंगामागे एक आरसा तिरपा बसवलेला असतो. भिंगातून आलेला प्रकाश या आरशावर पडून वर जातो आणि एका लोलकातून आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. म्हणून भिंगाला जे दिसते, तेच आपल्यालाही दिसते. बटण दाबताच आरसा झटकन वर उचलला जातो. त्याच्या मागचा पडदा, म्हणजे शटर, क्षणभर उघडतो. प्रकाश फिल्मवर पडतो आणि चित्र उमटते. मग पडदा बंद होतो, आरसा खाली येतो. 'खटक' असा जो आवाज आपण ऐकतो, तो या सगळ्या हालचालींचा असतो.

प्रकाशाचे तीन नळ

फिल्मवर किती प्रकाश पडावा, हे तीन गोष्टींवर ठरते.

पहिली गोष्ट म्हणजे भिंगाचे छिद्र. ते लहान-मोठे करता येते. त्याचे आकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे असतात. आकडा मोठा तेवढे छिद्र लहान, हे लक्षात ठेवा. या यादीत एक पायरी पुढे गेलो, की आत येणारा प्रकाश निम्मा होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पडदा किती वेळ उघडा राहतो ती वेळ. सेकंदाचा साठावा भाग, एकशे पंचविसावा भाग, अडीचशेवा भाग अशा तिच्याही पायऱ्या असतात. इथेही प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. या पायरीला छायाचित्रकार 'स्टॉप' म्हणतात.

तिसरी गोष्ट म्हणजे फिल्मचा वेग. १०० क्रमांकाच्या फिल्मपेक्षा ४०० क्रमांकाच्या फिल्मला चौपट कमी प्रकाश पुरतो. मात्र वेगवान फिल्मवरील चित्रात दाणे अधिक दिसतात.

जुन्या छायाचित्रकारांचा एक साधा नियम आहे. निरभ्र आकाश आणि कडक ऊन असेल, तर छिद्र १६ वर ठेवावे आणि फिल्मच्या क्रमांकाएवढा सेकंदाचा भाग पडदा उघडा ठेवावा. फिल्म १०० ची असेल, तर जवळची पायरी म्हणजे सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग. डिसेंबरात अकोल्याच्या भर दुपारी हा नियम छान लागू पडतो.

आता हाच प्रकाश आपण वेगळ्या रीतीनेही आत घेऊ शकतो. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले होते. समजा, तुम्हांला उन्हात मल्लखांब करणाऱ्या खेळाडूचे चित्र घ्यायचे आहे. सेकंदाच्या एकशे पंचविसाव्या भागात त्याचे हातपाय हलतील आणि चित्र पुसट येईल. मग पडद्याची वेळ तीन पायऱ्या कमी करून सेकंदाचा हजारावा भाग ठेवावी आणि छिद्र १६ वरून तीन पायऱ्या उघडून ५.६ वर आणावे. एका हाताने घेतले, ते दुसऱ्या हाताने दिले. प्रकाश तेवढाच राहिला, पण हवेतील खेळाडू चित्रात स्थिर झाला.

करड्या रंगाची सवय

हे सगळे गणित प्रत्येक वेळी मनात करणे कठीण. म्हणून कॅमेऱ्यात प्रकाशमापक असतो. पण हा मापक आंधळा कारकून आहे. समोर कापूस आहे की कोळसा, हे त्याला कळत नाही. समोरून परत आलेला प्रकाश तेवढा तो मोजतो. समोरची वस्तू मध्यम करडी आहे आणि तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश ती परत पाठवते, असे धरून तो हिशेब करतो. माणसाचा चेहरा, हिरवे शेत, मळकी भिंत यांची सरासरी साधारण तेवढी येते. म्हणून बहुतेक चित्रे चांगली येतात.

कापसाच्या बाबतीत मात्र घोटाळा होतो. कापूस खूप प्रकाश परत पाठवतो. मापकाला वाटते, आज ऊन फारच आहे. तो पडद्याची वेळ कमी करतो आणि कापूस करडा होतो. काळी माती थोडाच प्रकाश परत पाठवते. मापकाला वाटते, अंधारून आले आहे. तो जास्त प्रकाश घेतो आणि माती फिकट होते.

आपल्या नवशिक्याचा मापक कापसाकडे पाहून सांगत होता, "छिद्र १६, वेळ सेकंदाचा पाचशेवा भाग." जुना नियम सांगत होता, "छिद्र १६, वेळ सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग." फरक दोन स्टॉपचा! जुन्या नियमाने कापसाकडे पाहिलेच नव्हते. त्याने फक्त सूर्याकडे पाहिले होते. म्हणून तो फसला नाही.

यावर उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असलेले एक बटण किंवा चकती असते. छायाचित्रकार तिला 'कॉम्पेन्सेशन' म्हणतात. म्हणजे मापकाच्या हिशेबात आपण केलेली दुरुस्ती. कापसाच्या गंजीसाठी दीड ते दोन स्टॉप अधिक करावे. काळ्या मातीसाठी किंवा डबक्यात बसलेल्या म्हशीसाठी एक ते दीड स्टॉप उणे करावे. ईदच्या सकाळी ईदगाहवर पांढऱ्या कपड्यांतील हजारो लोक नमाजासाठी रांगेत उभे असतात. तिथेही कॅमेऱ्याला अधिक प्रकाश घ्यायला सांगितले, तरच ते कपडे खऱ्या अर्थाने पांढरे दिसतील.

पांढरे असेल तर अधिक, काळे असेल तर उणे. नवशिक्याला हे उलटे वाटते. पण कारण समजले, की विसर पडत नाही.

मापकाची नजर कुठे असावी?

व्यावसायिक कॅमेऱ्यात मापकाची नजर बदलता येते. एका पद्धतीत तो संपूर्ण चौकट पाहतो. दुसऱ्या पद्धतीत मधल्या भागाला जास्त महत्त्व देतो. तिसऱ्या पद्धतीत तो फक्त एका लहानशा ठिपक्याएवढ्या जागेचा प्रकाश मोजतो. आपल्या नवशिक्याचा मापक दुसऱ्या पद्धतीवर होता आणि मध्ये नेमका कापूस होता.

१९९६ साली निघालेल्या निकॉन एफ ५ या कॅमेऱ्याचा मापक संपूर्ण चौकट १००५ बिंदूंत विभागून पाहत असे आणि प्रकाशाबरोबर रंगाचीही नोंद घेत असे. आधी साठवून ठेवलेल्या हजारो दृश्यांच्या माहितीशी तो समोरच्या दृश्याची तुलना करी. त्यामुळे चुका खूप कमी झाल्या. पण त्या पूर्ण संपल्या नाहीत. कारण छायाचित्रकाराला चित्रात काय दाखवायचे आहे, हे कॅमेऱ्याला कसे कळणार?

अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याचे उदाहरण घ्या. त्याचा महाकाली दरवाजा १४८७ साली फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याच्या काळात बांधला गेला. पुढे याच फतहुल्लाने वऱ्हाडात इमादशाहीची स्थापना केली. दरवाजावर अरबी लिपीत सुंदर अक्षरे कोरलेली आहेत. अक्षरे सावलीत आणि आकाश उन्हात असेल, तर संपूर्ण चौकट मोजून उपयोग नाही. ठिपक्याची पद्धत घ्यावी आणि अक्षरांच्या दगडावरच मोजमाप करावे. आकाश थोडे पांढरे पडेल, पण अक्षरे वाचता येतील. आपल्याला तेच तर हवे आहे.

कॅमेऱ्याच्या सवयी बदलणे

कॅमेरा कारखान्यातून बाहेर पडतो, तेव्हा त्याला काही सवयी लावलेल्या असतात. त्या सर्वसाधारण माणसाच्या सोयीच्या असतात. व्यावसायिक कॅमेऱ्यात मात्र या सवयी बदलण्याची मुभा असते. तिला 'कस्टम सेटिंग' म्हणतात. निकॉन एफ ५ मध्ये अशी २४ सेटिंगे होती. प्रत्येकाला क्रमांक होता. क्रमांक आणि त्याची निवड एवढेच छोट्या पडद्यावर दिसे. म्हणून अनेक छायाचित्रकार आपल्या निवडी एका कागदावर लिहून तो कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवत. अशा कॅमेऱ्यांतील काही उपयोगी सेटिंगे पाहू.

फोकसचे बटण वेगळे करणे : नेहमी एकच बटण अर्धे दाबले की फोकस होतो आणि पूर्ण दाबले की चित्र निघते. पण पक्षी फांद्यांच्या मागे बसला असेल, तर ऐन वेळी पुढची काडी फोकस पळवते. म्हणून फोकसचे काम अंगठ्याजवळच्या दुसऱ्या बटणाकडे द्यावे. एकदा फोकस करून अंगठा उचलला, की तो तिथेच राहतो. मग चित्र घेताना कॅमेरा पुन्हा शोधाशोध करीत नाही.

पायरी लहान करणे : दुरुस्तीची पायरी पूर्ण, अर्धा किंवा एक तृतीयांश स्टॉप अशी ठरवता येते. स्लाइडची फिल्म फार चूक सहन करत नाही. अर्ध्या स्टॉपचा फरकही तिच्यावर दिसतो. तिच्यासाठी लहान पायरी चांगली. छपाईच्या निगेटिव्ह फिल्मवर थोडा जास्त प्रकाश पडला, तरी छापताना सांभाळून घेता येते.

ब्रॅकेटिंगचा क्रम : प्रकाशाची खात्री नसेल, तेव्हा कॅमेरा एकाच दृश्याची तीन चित्रे घेऊ शकतो. एक हिशेबाप्रमाणे, एक कमी प्रकाशाचे, एक जास्त प्रकाशाचे. कोणते आधी घ्यावे, हा क्रम ठरवता येतो. उडून जाणारा पक्षी असेल, तर आपल्याला सर्वांत भरवशाचे वाटते ते आधी घ्यावे. मात्र एका रोलमध्ये ३६ च चित्रे असतात. प्रत्येक वेळी तीन-तीन घेतली, तर बारा दृश्यांत रोल संपतो!

आरसा आधी उचलणे : नरनाळ्याच्या सावलीतील अक्षरांसाठी पडदा सेकंदाचा पंधरावा भाग उघडा ठेवावा लागला, तर कॅमेरा तिपाईवर असूनही आरशाच्या हादऱ्याने अक्षरे किंचित हलतात. काही कॅमेऱ्यांत आरसा आधी उचलून ठेवता येतो. हादरा शांत झाला, की मग पडदा उघडावा.

फिल्मचे टोक बाहेर ठेवणे : दुपारी १०० ची फिल्म चालू आहे. १४ चित्रे झाली आणि जंगलात संध्याकाळ झाली. आता ४०० ची फिल्म हवी. अर्धा रोल गुंडाळताना टोक डबीच्या आत गेले, तर तो पुन्हा भरणे अवघड होते. काही कॅमेऱ्यांत टोक बाहेर ठेवण्याचे सेटिंग असते. छायाचित्रकार डबीवर '१४' असे लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी तीच फिल्म भरतो, भिंगावर झाकण ठेवून पंधरा वेळा बटण दाबतो आणि पुढची चित्रे घेतो.

पाहा, यातले एकही सेटिंग मिरवण्यासाठी नाही. प्रत्येकामागे कुठली ना कुठली अडचण आहे. अडचण माहीत नसताना सेटिंग बदलणे म्हणजे आजार माहीत नसताना औषध घेणे होय.

एका पक्ष्याच्या डोक्यावरचे ठिपके

इतकी काळजी खरोखरच गरजेची आहे का? याचे उत्तर सातपुड्याच्या जंगलातील एका लहानशा घुबडाने द्यावे.

या घुबडाचे नाव रानपिंगळा. १८७३ साली शास्त्रज्ञांनी त्याची प्रथम नोंद केली. १८८४ नंतर मात्र तो कुणाला खात्रीने सापडला नाही. एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपल्याला १९१४ साली हा पक्षी मिळाल्याचा दावा केला होता. पण त्याने दाखवलेला नमुना संग्रहालयातील जुना चोरलेला नमुना होता, हे पुढे उघड झाले. रानपिंगळा नामशेष झाला, असे अनेकांनी मानले. अखेर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, म्हणजे ११३ वर्षांनंतर, पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला. या वेळी कुणी बंदूक चालवली नाही. पक्ष्याची छायाचित्रे घेण्यात आली. पुढे अमरावती जिल्ह्यातील मेळघाटातही रानपिंगळा आढळला. व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्यातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होता.

आता अडचण अशी, की आपल्या गावात दिसणारा साधा पिंगळा आणि रानपिंगळा दिसायला सारखेच. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर स्पष्ट पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते. त्याच्या पोटाचा खालचा भाग पांढरा असतो आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात.

समजा, सागाच्या निष्पर्ण फांदीवर तो बसला आहे. दिवसाही जागा राहणारा हा पक्षी आहे. त्याच्या मागे उजळ आकाश आहे. आपण कॅमेऱ्यावर सर्व सोपवून चित्र घेतले. मापकाने आकाश पाहिले आणि प्रकाश कमी केला. चित्रात काय आले? फांदीवर एक काळा गोळा. डोक्यावर ठिपके होते की नव्हते? सांगता येत नाही. घाबरून प्रकाश फारच वाढवला, तर पोट, पट्टे आणि आकाश सारेच पांढरे होऊन जाईल. दोन्ही चित्रे पुरावा म्हणून निरुपयोगी. दीड स्टॉप अधिक केले असते, तर कदाचित एकाच चित्राने पक्ष्याची ओळख पटली असती. आणि फिल्मच्या कॅमेऱ्यात चित्र लगेच पाहता येत नाही. चूक कळते, तेव्हा आपण अमरावतीला परत आलेलो असतो आणि पक्षी जंगलात राहिलेला असतो.

म्हणून जाणता छायाचित्रकार जंगलात शिरण्यापूर्वीच आपला कॅमेरा तयार करतो. फोकस अंगठ्यावर, पायरी लहान, मापक ठिपक्यावर. आणि तो घरट्याजवळ जात नाही. चित्रासाठी पक्ष्याला त्रास देणे हे कुठल्याच सेटिंगने भरून निघत नाही.

आज काय उरले?

आज व्यावसायिक छायाचित्रकार बहुतेक डिजिटल कॅमेरे वापरतात. कॅननने आपल्या शेवटच्या फिल्म एसएलआरची विक्री २०१८ साली थांबवली. निकॉनचा २००४ साली आलेला एफ ६ हा कॅमेराही २०२० साली बंद झाला. फिल्म मात्र अजून मिळते आणि हौशी लोक जुने कॅमेरे जपून वापरतात.

पण त्या कॅमेऱ्यांतील विद्या वाया गेलेली नाही. छिद्र, वेळ, दुरुस्ती, ब्रॅकेटिंग, फोकसचे वेगळे बटण, हे सर्व डिजिटल कॅमेऱ्यात आहेच. घरातला मोबाइल घ्या. पडद्यावर बोट टेकवा. अनेक मोबाइलवर सूर्याची एक छोटी खूण दिसते. ती वरखाली सरकवली, की चित्र उजळ किंवा गडद होते. हीच ती अधिक-उण्याची चकती.

यंत्र सरासरी काढते. सरासरीत कापूसही बसत नाही, काळी मातीही बसत नाही आणि रानपिंगळाही बसत नाही. तेव्हा यंत्राला सांगावे लागते, "अरे, हे पांढरे आहे, हे पांढरेच राहू दे." आणि ते सांगण्यासाठी आधी आपण नीट पाहिलेले असावे लागते.

शब्दार्थ
गंजी – ढीग, रास
वावर – शेत
लोलक – प्रकाश वळवणारा काचेचा तुकडा
निरभ्र – ढग नसलेले
मुभा – परवानगी
नामशेष – फक्त नाव उरलेले, नष्ट झालेले
निष्पर्ण – पाने नसलेले

स्वाध्याय
१. कापूस आणि काळी माती दोन्ही चित्रांत करडी का आली?
२. मल्लखांबाच्या चित्रासाठी छिद्र व वेळ कशी बदलली? प्रकाश तेवढाच कसा राहिला?
३. "मापक हा आंधळा कारकून आहे," असे लेखकाने का म्हटले आहे?
४. साधा पिंगळा व रानपिंगळा यांतील फरक लिहा.
५. मोबाइल किंवा कॅमेरा मिळाल्यास पांढऱ्या भिंतीची आणि काळ्या छत्रीची चित्रे घ्या. काय दिसले, ते पाच वाक्यांत लिहा.